हात न लावता

बसमधून उतरताना माझ्या पुढे एक म्हातारा होता. म्हातारा म्हणजे फार नव्हे, मी आणखी थोड्या वर्षांनी होईन तेवढाच. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरलेला, आणि पायरीवर उभं राहून खाली पाऊल टाकावं की नको याचा विचार चाललेला. दार उघडं, गार वारा तोंडावर, मागून लोक रेटतायत, ड्रायव्हर आरशात बघतोय. मी काही केलं नाही. म्हणजे काही करायचं असं ठरवलं नाही. माझा उजवा तळहात आपला आपण त्याच्या पाठीवर गेला, खांद्यांच्या मधे, जरा खाली, जिथे टेकायचा तिथे टेकला, आणि दुसऱ्या क्षणी म्हातारा पायरीवर नव्हता. फुटपाथवर पडला असता तर एक वेळ समजलं असतं. तो अख्खा फुटपाथ ओलांडून पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळला. पिशवीतली औषधं, चष्म्याचं घर, किल्ल्यांचा जुडगा, सगळं रस्त्यावर. "अहो!" तो भिंतीला धरून ओरडला, "माणूस आहे मी, पोतं नाही!" मग एकच कालवा झाला. "एवढी कसली हो घाई?" एक बाई माझ्यावर खेकसली. कुणी म्हणालं प्यायलेला दिसतोय. मी खाली बसून गोळ्या गोळा करत होतो आणि तोंडाने माफ करा, माफ करा एवढंच येत होतं. म्हाताऱ्याच्या कोपराला खरचटलं होतं, पण त्याचा चेहरा चिडलेला नव्हता. चकित झालेला होता. "मला वाटलं बसनेच धडक दिली," तो त्या बाईला सांगत होता.

घर तिथून जवळ, पण मी रस्ता लांबवला. मला घाई नव्हती. राग तर नव्हताच. राग आला की माझं तोंड चालतं, हात नाही, हे बायको शपथेवर सांगेल. मग एवढा जोर आला कुठून? मी दुकानांच्या पुढून चालत होतो आणि उजवा हात खिशात कोंबून ठेवला होता, कुणी बघू नये असा. हळूहळू लक्षात यायला लागलं की जोर कुठून आला हा प्रश्नच चुकीचा आहे. जोर रोजचाच होता. तळहाताला ओळखीचा होता. सकाळी विमानात जेवढा लावला तेवढाच संध्याकाळी बसमध्ये लावला, फक्त समोर या वेळेला माणूस होता. आणि हे डोक्यात शिरलं तेव्हा मी एका चपलांच्या दुकानापुढे उभा होतो. खिशातला हात बाहेर काढून मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिलो की दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "काका, बसता का जरा?"

माझं काम ढकलण्याचं आहे. कुणी विचारलं की मी असंच सांगतो. विमानात असतो म्हटलं की समोरच्याचे डोळे मोठे होतात, पायलट का, आणि मी म्हणतो, नाही हो, मागे असतो, ढकलतो. बायकोला हे आवडत नाही. "नीट लोडमास्टर म्हणून सांगायला तुमची जीभ झिजते का?" सैन्याची मालवाहू विमानं असतात, पोटात ट्रक मावेल एवढी. त्यातून उडत्या विमानातून माल खाली टाकायचा असतो आणि छत्रीधारी सैनिकांना दारातून सोडायचं असतं. नवीन विमान आलं की त्यातून हे सगळं सुखरूप होतं का, ते आधी बघावं लागतं. ते बघणारे आम्ही. पहिल्यांदा माल टाकतो, मग माणसाच्या वजनाचे बाहुले टाकतो, आणि सगळं व्यवस्थित दिसलं की शेवटी एक जिवंत माणूस. बाहुल्यांना आम्ही पाहुणे म्हणतो. पाहुण्यांना बसवलं का, पाहुण्यांचे पट्टे आवळले का, पाहुणे निघाले का. पाहुणे कधी आपण होऊन निघत नाहीत, हाच त्यातला विनोद. त्यांना दारात आणायचं, पाठीवरच्या छत्रीची दोरी डोक्यावरच्या तारेला अडकवायची, हिरवा दिवा लागला की ढकलायचं. गेले कित्येक महिने या नव्या विमानाच्या बाजूच्या दारातून जेवढे पाहुणे गेले तेवढे माझ्या हातून गेले. एकही विमानाच्या अंगाला लागला नाही. सगळे कसे दाराबाहेर लांब, स्वच्छ, सरळ. मोठमोठे साहेब ती फिल्म बघून खूश झाले होते. आणि उद्या सकाळी जिवंत माणूस जायचा होता.

आमच्या चाचण्यांची प्रमुख एक बाई आहे. हँगरमध्ये तिचं नाव टाचणी, कारण कुठेही टोचते. सुरुवातीलाच तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "दादा, बाहुला माणसासारखाच गेला पाहिजे हं. जास्त नको, कमी नको." मी म्हटलं, "मॅडम, माणूस जातो तसाच पाठवतो." खोटं नव्हतं बोललो. मला तसंच वाटत होतं. बाहेरचा कॅमेरा पंखाखालून दाराकडे बघतो; त्याला दाराबाहेर आलेला पाहुणा दिसतो, दाराआतला मी दिसत नाही. बाहुल्याच्या छातीत बसवलेलं यंत्र जागं होतं ते दोरी ताणली गेल्यावर. तोपर्यंत काय झालं ते त्याला ठाऊक नाही. म्हणजे एवढी यंत्रं, एवढ्या तारा, एवढे कागद, आणि माझा हात कुणीच मोजला नव्हता. खरा सैनिक कसा जातो? मांड्यांना ओझं बांधलेलं, पाठीवर छत्री, छातीवर दुसरी छत्री. तो काय उडी मारणार, कपाळ! तो बदकासारखा डुलत दारापर्यंत येतो आणि पाय उचलून बाहेर ठेवतो. वारा त्याला लगेच विमानाच्या अंगाकडे ओढतो. आणि मी मात्र वाळू भरलेल्या बाहुल्यांना असं भिरकावत होतो की वाऱ्याला त्यांच्यापर्यंत पोचायलाच वेळ मिळत नव्हता. आम्ही विमानाचं दार तपासत नव्हतो, माझा दंड तपासत होतो.

ही खोड कधी लागली तेही मला माहीत आहे. फार पूर्वी, जुन्या विमानात, मागच्या उतरत्या फळीवरून एक मोठं खोकं सोडत होतो. खोकं रुळांवरून घसरत गेलं, तिरकं झालं आणि दारातच अडकलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. विमानाचं नाक वर जायला लागलं. कानातल्या यंत्रात वैमानिक ओरडतोय, "गेलं का? अरे गेलं का?" आणि मी जमिनीवर पाठ टेकवून दोन्ही पायांनी लाथा घालतोय. शेवटी गेलं एकदाचं. माझा एक बूटही घेऊन गेलं. खाली उतरल्यावर सगळे माझ्या मोज्याकडे बघून हसले, मीही हसलो, आणि मग विमानाच्या चाकामागे जाऊन ओकलो. तेव्हापासून दारात रेंगाळलेलं काही मला सोसत नाही. घरीसुद्धा कुणी उंबऱ्यात उभं राहून गप्पा मारत बसलं की माझं डोकं फिरतं. आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. मुलगी लहान होती तेव्हा बागेत झोपाळ्यावर बसली की म्हणायची, बाबा नको, आई झोका देईल, बाबा फार जोरात देतात. मी रुसायचो. बायको म्हणायची, दार लावता की भिंत पाडता? घरात सगळ्यांना कळलं होतं. कळायचं राहिलं होतं ते मला आणि सरकारला.

आणि उद्याचा जिवंत माणूस म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे धाकटाच म्हणतात. आता कानशिलाजवळ केस पांढरे झालेत तरी धाकटा. त्यांची आई लवकर गेली, बायकोने त्याला वाढवलं, आणि आमचं लग्न झालं तेव्हा तो दप्तर घेऊन तिच्याबरोबर आमच्याकडेच आला. माझ्या गोष्टी ऐकून त्याने हा धंदा धरला. मी ढकलणारा झालो, हा उडी मारणारा झाला. नव्या विमानातून पहिली उडी कुणाची यासाठी केवढी रस्सीखेच चालते हे बाहेरच्यांना कळणार नाही. ती त्याला मिळाली होती. त्या संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला होता.

मी पोचलो तेव्हा दोघं पानावर माझी वाट बघत बसले होते. मी बसमधला प्रकार सांगितला. धाकट्याला हसून हसून ठसका लागला. "भाऊजी, खरंच ड्रॉप केलंत म्हाताऱ्याला? छत्री तरी होती का त्याच्याकडे?" बायको हसली नाही. तिने माझा हात उलटा करून बघितला, जसं काही त्यालाच लागलं होतं. मग मी उरलेलं सांगितलं, पाहुण्यांचं. धाकट्याचा घास हातातच राहिला. "हे कुणाला बोललात?"

"तुलाच पहिलं."

"मग मलाच शेवटचं असू द्या."

"अरे, पण तू बाहेर पाऊल ठेवलंस आणि वाऱ्याने ओढलं तर?"

"पाऊल ठेवतोय कोण? मी जोरात उडी मारीन. झालं."

"तू मारशील. तुझ्यामागून जी पोरं येतील, ओझ्याने वाकलेली, रात्रभर न झोपलेली, ती?"

"ते नंतरचं नंतर बघतील. भाऊजी, मी या उडीसाठी किती थांबलोय तुम्हाला माहीत आहे. एका बसमध्ये एक म्हातारा पडला म्हणून..." त्याने वाक्य सोडून दिलं. बायको वाढता वाढता थांबली होती. "म्हणजे नक्की काय होईल? मला कळेल असं सांगा," ती म्हणाली. मी म्हटलं काही नाही गं. तोही म्हणाला काही नाही ताई, मला ढकलायचं की नाही यावरून चाललंय. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि फक्त माझ्याशी बोलली. "तुम्हाला जे वाटतंय ते सांगून टाका तिथे. माझा भाऊ माझ्यावर रुसला तर मी बघून घेईन." धाकटा पान सोडून उठला. गेला नाही, बाल्कनीत जाऊन उभा राहिला, कठड्याला पोट लावून, निम्मा बाहेर झुकून. उंचीची भीती म्हणून त्याला कधी ठाऊकच नव्हती. मला त्याची ती पाठ बघून फार बरं वाटलं आणि फार भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

सकाळी टाचणीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती फाडून खाईल. तिने हँगरच्या खांबाला जोर मोजायचा एक काटा बांधायला लावला, त्यावर एक पाहुणा टेकवला आणि म्हणाली, "ढकला." मी ढकललं. मग तिने मेकॅनिकांना ढकलायला लावलं, स्वयंपाकघरातल्या आडदांड गड्याला बोलावलं, स्वतः ढकललं, धाकट्याला ढकलायला लावलं. पोरांना मजा वाटत होती, आरडाओरडा चालला होता, दादांचा पहिला नंबर, दादांना बक्षीस. काटा माझ्या वेळेला जिथे जात होता तिथे दुसऱ्या कुणाच्याच वेळेला गेला नाही, आसपासही नाही. टाचणी मला म्हणाली, "पुन्हा. या वेळेला हळू." मी हळू ढकललं. माझ्या मते अगदी हळू. काटा तिथेच गेला. हँगरमधला आरडाओरडा थांबला. "आजची उडी नाही," टाचणी म्हणाली. धाकट्याने हेल्मेट बाकावर ठेवलं, जोरात नाही, नीट ठेवलं, आणि माझ्या बाजूने निघून गेला.

मग दारात एक तिरका पाट बसवला. खटका दाबला की पाहुणा नुसता घरंगळून बाहेर जाईल, सैनिक पाऊल ठेवतो तेवढ्याच जोराने. खटका दुसऱ्याच्या हातात. मला म्हणाले तुम्ही फक्त बघा. हिरवा दिवा लागला, खटका दाबला, पाहुणा गेला. आणि मला आतून ऐकू आलं. विमानाच्या पत्र्यावर बाहेरून कुणीतरी मूठ मारतंय, एकदा दाराशी, मग जरा मागे, मग आणखी मागे, शेपटाकडे जात जात. दार वाजवावं आणि कुणी उघडू नये तसं. खाली सापडला तेव्हा त्याचं हेल्मेट नव्हतं आणि मान उलटी होती. दुसरा टाकला, त्याचंही तेच. मी पाहुण्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलो. मनात एकच येत होतं, हा आवाज धाकट्याचा असता. मी आत उभा असतो आणि बाहेर धाकटा पत्रा वाजवत शेपटाकडे गेला असता.

त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. टाचणी, जी कुणाला बरं म्हणत नाही, ती म्हणाली, "दादा, तुम्ही एक माणूस वाचवलात." धाकटा फिल्म बघायला आला. एकदा बघितली, मग पुन्हा लावा म्हणाला, मग पुन्हा. मी त्याला तिथून उठवायला हवं होतं. पण मला वाटलं बघू दे, माझ्यावरचा राग तरी जाईल. "हा माझ्याच वजनाचा होता ना?" त्याने विचारलं. हो म्हटलं. "उंचीही तेवढीच?" हो. मग तो उठला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "भाऊजी, वाचलो." त्याचे तळवे गार पडले होते. मी म्हटलं अरे वेड्या, आणि मला रडू आलं, सगळ्यांसमोर. मला तेव्हा वाटलं आता सगळं ठीक झालं. एखादी गोष्ट बरोबर केली की तिचं पुढेही बरोबरच होत जाईल असं माणसाला उगाच वाटत असतं.

दाराच्या पुढच्या बाजूला वाऱ्याला अडवणारा एक पत्रा असतो, तो मोठा केला. विमानाचा वेग उतरवला. पुन्हा पाहुणे, पुन्हा तिरका पाट, पुन्हा पुन्हा. आता ते नुसते घरंगळले तरी लांब जात होते, एकही आवाज नाही. मी प्रत्येक वेळी पत्र्याला कान लावून बसायचो. त्या दारातून मी माझ्या मुलीला जाऊ दिलं असतं, एवढं ते दार चांगलं झालं. पण इकडे धाकटा बदलत चालला होता आणि ते बघायला माझ्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. तो आमच्याकडे येईना. आला की बाल्कनीकडे पाठ करून बसे. एकदा आम्ही जिन्यातून खाली येत होतो, तो वरच्या पायरीवर थांबला, कठडा धरला, आणि मला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे." मी म्हटलं काय रे? म्हणाला बुटाची नाडी. नाडी बांधलेली होती. आधी तो उडीबद्दल बोलायचा तेव्हा खालच्या शेताबद्दल बोलायचा, छत्री उघडल्यावर कानांत कशी शांतता होते त्याबद्दल. आता विचारायचा, पत्रा किती जाड आहे, वारा कुठल्या बाजूने फिरतो, त्या पहिल्या पाहुण्याची मान नेमकी कुठे मोडली. मी सगळी उत्तरं देत होतो. माहिती असली की माणूस निर्धास्त होतो असं मी धरून चाललो होतो. बायकोला मात्र शंका आली. "तो हल्ली माझ्याशी फार गोड बोलतो," ती म्हणाली, "लहानपणी ताप असला की असाच बोलायचा." मी ते हसण्यावारी नेलं.

उडीच्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. विमानात दोघंच उडी मारणारे, पहिला धाकटा आणि त्याच्यामागे त्याचा जोडीदार. चाचणीत जिवंत माणसाला हात लावायचा नाही असा नियम आहे. तो कसा जातो तेच तर बघायचं असतं. आणि आता तर माझ्या हाताची एवढी ख्याती झाली होती की टाचणीने मला सांगितलं, "दादा, तुम्ही हात पाठीमागे बांधूनच उभे राहा." चेष्टेत म्हणाली, पण मी खरंच तसा उभा राहिलो. उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून. दार उघडलं. वाऱ्याचा तो आवाज आला ज्यात दुसरं काही ऐकू येत नाही. धाकट्याने आपली दोरी तारेला अडकवली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली, दारात येऊन उभा राहिला. लाल दिवा त्याच्या गालावर पडला होता. मग हिरवा पडला.

तो गेला नाही. मला वाटलं त्याला दिवा दिसला नाही. पण तो दिव्याकडेच बघत होता. त्याचे बूट दाराच्या कडेवर होते आणि कड ओलांडून जायचं एवढंच राहिलं होतं, अर्धं पाऊल. बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण इतक्या वर्षांनी मला दारातल्या माणसाचे ओठ वाचता येतात. "भाऊजी, हात लावा." मी हललो नाही. तो पुन्हा म्हणाला. एक बोट लावलं असतं तरी पुरलं असतं. दार चांगलं होतं, मला माहीत होतं. बाहेर वारा मोकळा होता, छत्री नीट होती, खाली शेत होतं. माझा हात, जो न विचारता कुणालाही ढकलत आला, ज्याने बसमधल्या म्हाताऱ्याला सोडलं नाही, त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काही मागितलं होतं. आणि तो माझ्याच डाव्या हातात अडकून पडला होता. नियम होता म्हणून, असं मी सांगू शकतो. नियम होताच. पण खरं असं की मला तो आवाज ऐकू आला, पत्र्यावरचा, शेपटाकडे जाणारा. दार कितीही चांगलं झालं असो, मला तो ऐकू आला. मी त्याला भीती दिली आणि स्वतःही तीच घेऊन बसलो होतो.

धाकटा दारातून मागे फिरला. जोडीदाराने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तो बदकासारखा डुलत पुढे आला, पाय उचलून बाहेर ठेवला आणि गेला. स्वच्छ, सरळ, लांब. दारातून वाकून बघितलं तर खाली त्याची छत्री उघडलेली होती. वैमानिकाने कानात विचारलं, "गेले का दोघं?" मी म्हटलं, "एक." तो म्हणाला, "ठीक." आमच्यात असं झालं तर कुणी कारण विचारत नाही, तशी रीतच आहे. मी धाकट्याची दोरी तारेवरून सोडवली, गुंडाळली, त्याच्या खांद्यावर अडकवली, त्याला बाकावर बसवून पट्टा लावला. पाहुण्यांना लावतो तसाच. दारातून एकदा मागे फिरलेल्याला पुन्हा चाचणीच्या दारात उभं करत नाहीत. असं कुठे लिहिलेलं नाही. फक्त पुढच्या वेळेला त्याला कळवायला विसरतात, मग त्याच्या पुढच्याही वेळेला विसरतात, आणि मग तो छत्र्यांच्या गोदामात बसून त्यांच्या घड्या घालायला लागतो. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. खाली उतरल्यावर टाचणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जोडीदाराचं अभिनंदन करायला गेली. उडी यशस्वी झाली होती. विमान पास झालं होतं.

परतीच्या गाडीत आम्ही दोघंच मागच्या सीटवर. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मी काय बोलावं याची वाक्यं जुळवत होतो आणि एकेक टाकून देत होतो. अरे, दार चांगलं होतं, हे तर बोलायचंच नव्हतं. मी सांगितलंच नसतं तर? तर त्या पहिल्या सकाळी हा हसत हसत गेला असता, मोठ्या उडीने गेला असता, कदाचित वाचलाही असता. कदाचित पत्रा वाजवत गेला असता. या दोहोंपैकी कुठलं, ते आता कुणालाच कळणार नाही. तो जिवंत आहे, माझ्या शेजारी बसलाय, त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागतोय, एवढं मी पुन्हा पुन्हा मनाला सांगत होतो, आणि मन ऐकून घेत होतं, पण गप्प होतं. तेवढ्यात फोन वाजला. बायको.

"झाली का? अहो, बोला ना. झाली का उडी?"

"झाली," मी म्हटलं.

"सुखरूप आहे ना?"

"सुखरूप आहे. इथेच बसलाय शेजारी."

पलीकडून एकदम रडणं फुटलं. "तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून हो," ती म्हणत होती, "नाहीतर माझं पोर..." तिने भाऊ म्हटलं नाही, पोर म्हटलं. "द्या, त्याच्याकडे द्या फोन." मला काय करावं कळेना. मी फोन पुढे केला. म्हटलं नको म्हणेल, मान हलवेल, मग मी काहीतरी सांगेन, रेंज नाही म्हणेन. धाकट्याने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. घसा खाकरला आणि घेतला.

"हां ताई," तो म्हणाला. आणि मग त्याचा आवाज मोकळा झाला. तो सांगायला लागला. हिरवा दिवा कसा लागला, पाऊल बाहेर पडल्यावर पोटात कसं झालं, छत्री उघडली तेव्हा खांद्यांना कसा हिसका बसला, मग कानांत कशी शांतता, खाली शेतात एक माणूस सायकल थांबवून वर बघत होता तो कसा हळूहळू मोठा होत गेला. इतकं नीट, इतकं बारकाईने की क्षणभर मलाच वाटलं, हा गेला होता, मीच काही चुकीचं बघितलं. गाडीचा ड्रायव्हरसुद्धा आरशातून कौतुकाने बघत होता. बायको पलीकडून हसत होती, रडत होती, मला इथवर ऐकू येत होतं. तिने काहीतरी विचारलं.

"छे गं," धाकटा हसून म्हणाला, "भाऊजींनी बोटसुद्धा लावलं नाही. माझा मीच गेलो."